आराखड्याबाहेरची ओळ

जळगावला आमच्या केळी संघात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हाची गोष्ट सांगतो. पडद्यावर आराखडा काढला की प्रोग्राम आपोआप तयार व्हायचा. माझ्यासोबत कामाला असलेल्या लीलाताईंनी त्या तयार प्रोग्राममध्ये हाताने एक ओळ घातली होती. शेतकऱ्याची नोंद झाली की पडद्यावर अहिराणीत यायचं, “भाऊ, बठ्ठं बराबर शे,” म्हणजे सगळं बरोबर आहे.

पुढे लग्न होऊन त्या धुळ्याला गेल्या. मी एकदा आराखडा बदलून प्रोग्राम नव्याने काढला आणि ती ओळ पुसली गेली. दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पडद्याकडे बोट करून विचारलं, “आज हाई काबर बोलत नही?”

मी लीलाताईंना फोन लावला.

“आराखड्यात नव्हती, मग जाणारच,” त्या म्हणाल्या. “आता आराखड्यातच घाल.”

“तुम्हीच या की एक दिवस.”

त्या हळूच म्हणाल्या, “मला हे काम येतं, हे इथं सासरी कुणाला माहीतही नाही रे.”