एका रात्रीचं पाणी

(लेबनॉनच्या डोंगरातलं सफरचंदांचं गाव. ऑगस्टमधली संध्याकाळ. झऱ्याखालचा दगडी हौद.)

वदीह : उठा दाजी. आधी त्या फळीवरून उठा.

तनूस : उठतो. तू नुसतं हो म्हण.

वदीह : आज पाणी माझं आहे. पाटकऱ्याला विचारा हवं तर. सकाळपासून हौद भरायची वाट बघतोय. वरच्या टप्प्यातली झाडं जीभ काढून उभी आहेत.

तनूस : तुझंच आहे. म्हणून तर तुझ्याकडे आलो. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याच्या पाया पडलो असतो.

वदीह : माझ्या पडू नका. माणसं बघतायत तिकडून.

तनूस : बघू देत. वदीह, एक रात्र. पाटाची फळी बंद ठेवायची आणि पाइपाची उघडायची, एवढंच. पाणी खाली चाकावर गेलं की वीज होईल आणि कोल्ड स्टोरेज सकाळपर्यंत चालेल. उद्या दुपारी माझी ग्लादीस विमानातून उतरेल. आईचं तोंड बघेल. मग तू म्हणशील तसं करू.

वदीह : मी आत्ताच म्हणतोय. चर्चचे अबूना लूका सकाळपासून झगा घालून तयार आहेत. घंटा वाजवा आणि पुरा तिला. माझी बहीण सफरचंदाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पडलीय, रिकाम्या क्रेटांच्या मधोमध. सगळं गाव येतं, दुखवट्याची कडू कॉफी पितं आणि माझ्याकडे बघतं. पुढच्या महिन्यात तिथंच माल ठेवायचाय आम्हाला.

तनूस : ठेव की माल. नुहादचा काय विटाळ होणार आहे? जन्मभर तुझीच सफरचंदं निवडून दिली तिनं.

वदीह : तसं नाही म्हटलं मी.

तनूस : मग कुठं ठेवू तिला? शहरात हॉस्पिटलच्या शवागारात होती ना. काल तिथला डॉक्टर येऊन बसला शेजारी. पोरगाच तो. म्हणाला, काका, डिझेल तळाला गेलंय. वर माणसं मशीनला लावलेली आहेत. खालचं बंद करावं लागतंय. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, कर बाबा बंद. पिकअपमध्ये घातली आणि घेऊन आलो. वळणावळणावर मागं वळून बघत होतो.

वदीह : मग फादीला धरा. गावाचा जनरेटर त्याचा. एरवी वीज विकताना मिशीला पीळ देत फिरतो.

तनूस : कालची रात्र फादीनंच काढून दिली. पहाटे त्यानं माझ्यासमोर टाकी आडवी केली. गाळ निघाला. जनरेटर जरा खोकला आणि गप्प झाला. टँकर खाली कुठंतरी अडकलाय. कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नाही. डिझेलचं असंच असतं. जाळलं की गेलं, पुन्हा कुणीतरी डोंगर चढून आणून द्यायचं.

वदीह : आणि सरकारी वीज?

तनूस : किनाऱ्यावरचं केंद्र तरी काय करतं? तेल जाळायचं, पाण्याची वाफ करायची, वाफेनं चाक फिरवायचं. तेलच नाही तर वाफ कुठली? तुझ्याकडे शेवटची कधी आली होती?

वदीह : ईस्टरला. दिवा लागला तर नातवंडं घाबरली.

तनूस : बघ.

वदीह : चर्चच्या छपरावरचं सोलर आहे ना? बिशप स्वतः येऊन त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडून गेले.

तनूस : त्याच्यावरच तर आजचा दिवस काढला. अबूनांनी पंखा बंद केला, माइक बंद केला, सगळी वीज तिला दिली. पण काचेवर ऊन आहे तोवरच ती वीज. आता वर बघ, डोंगराची सावली घंटाघरापर्यंत आली. बॅटऱ्या आहेत, त्या माझ्यासारख्याच. बल्ब ओढतात. कोल्ड स्टोरेजची मोटर सुरू होताना हिसका देते, तो त्यांना झेपत नाही. करून बघितलं.

वदीह : बर्फ आणा.

तनूस : बर्फ कशानं बनतो, वदीह?

वदीह : मला शिकवू नका. मीही रात्रभर जागाच आहे.

तनूस : शिकवत नाही रे. सगळी दारं वाजवून आलो, एवढंच सांगतोय. आता हे पाणी उरलं.

वदीह : आणि तुमचं ते चाक. गिरणी बंद पडली तेव्हापासून साप राहतात त्यात.

तनूस : काल आल्या आल्या साफ केलं. ग्रीस घातलं, वायर जोडली. आज दुपारी गळतीचं पाणी सोडून बघितलं तर बल्ब लागला. बल्ब लागल्यावर मी खुळ्यासारखा टाळ्या वाजवल्या, एकटाच. पाणी थोडं आहे, कबूल. पण इथून थेट दरीत पडतं. उंचीचा जोर आहे त्याला. पाइपाच्या तोंडातून जी धार सुटते ती हातानं अडवून बघ. ती चाकाच्या वाट्यांवर बसली की चाक फिरतं, चाकाबरोबर त्याला जोडलेला छोटा जनरेटर. काही जाळायला नको, काही आणायला नको.

वदीह : माझी झाडं जळतील त्याचं काय? चाकावरून गेलेलं पाणी दरीत जातं. माझे टप्पे वर. ते वर कोण आणून देणार मला? तुम्ही? बादलीनं?

तनूस : बादलीनं आणतो.

वदीह : काहीतरी बोलू नका.

तनूस : माझी खालची बाग घे. माझ्या पाण्याच्या पाळ्या घे, या वर्षीच्या, पुढच्या वर्षीच्या. मी एकटा किती खाणार आहे आता?

वदीह : मला तुमची बाग नको.

तनूस : मग काय हवं ते सांग. मला खरंच पुढचं काही सुचेना झालंय. आज रात्री आत ऊब धरली तर... तुला कळतंय मी काय म्हणतोय. पोर येईल आणि आईला तशी बघेल.

वदीह : म्हणूनच म्हणतो, पुरा.

तनूस : तिथं राहायचे कागद नव्हते म्हणून इतकी वर्षं ग्लादीसला सिडनीहून हलता आलं नाही. आत्ता कागद झाले, तर आई गेली. नुहाद तिच्या खोलीतल्या चादरी दर शनिवारी बदलायची. कुणी झोपत नव्हतं त्यांच्यावर. मी पोरीला शब्द दिलाय, थांबतो म्हणून.

वदीह : माझ्यासाठी कोण थांबलं होतं?

तनूस : आत्ता कुठं ते काढतोस?

वदीह : तेच तर चाललंय मघापासून. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. सफरचंदांचं काय, दरवर्षी निम्मी गळतातच. आमची आई गेली तेव्हा मी आफ्रिकेतून, अबिजानहून निघालो होतो. सायप्रसपर्यंत आलो. बंदरावर बोटीची वाट बघत पथारी टाकली होती. आणि इथं नुहादनं पुरूनही टाकलं.

तनूस : लढाई चालू होती. तू निघालास की नाही, जिवंत तरी आहेस की नाही, कुणाला पत्ता नव्हता.

वदीह : मी पोचलो तेव्हा थडग्याच्या खोलीच्या दारावरचं सिमेंट ओलं होतं. बोट रुतत होतं त्यात. म्हटलं, फोडा, एकदा बघू द्या. अबूना हो म्हणाले होते. गवंडी पहार घेऊन उभा होता. तर ही दाराला पाठ लावून उभी राहिली.

तनूस : तुला आई तशी दिसू नये म्हणून. तिनं स्वतः पाहिली होती. तुला नाही माहीत, त्या उन्हाळ्यात...

वदीह : ते मी ठरवायचं होतं. मोठी बहीण झाली म्हणून तिनं नाही. सगळ्या सणांना तुमच्याकडे जेवलो मी. हसलो, अरक प्यालो, तुमच्या लेकीला खांद्यावर नाचवलं. पण नुहादच्या तोंडाकडे सरळ कधी बघितलं नाही. आणि आता तुम्ही म्हणताय, तिच्या लेकीसाठी पाणी सोड.

तनूस : म्हणतोय. मला दुसरं कुणी नाही म्हणायला. शिव्या घाल, फावडं घाल डोक्यात. पण... थांब, फोन वाजतोय. ग्लादीसचा आहे. आत्ता कसा? ती विमानात असायला हवी. माझे हात चिखलाचे आहेत, तू घे. स्पीकरवर टाक.

वदीह : टाकला. बोला.

ग्लादीस : बाबा?

तनूस : बोल पोरी. कुठं आहेस?

ग्लादीस : अजून मधल्याच विमानतळावर. बाबा, बेरूतचं विमान रद्द झालं. आकाश बंद केलंय म्हणतात.

तनूस : बंद म्हणजे? मग उद्याचं?

ग्लादीस : उद्याचंही नाही. पुढचं विचारलं की काउंटरवरची मुलगी नुसती मान हलवते. मी सगळ्या काउंटरवर जाऊन आले. रडून झालं, ओरडून झालं. इथं सगळेच ओरडतायत. एकाच्या बहिणीचं लग्न आहे, तो माझ्यापेक्षा जोरात ओरडतोय.

तनूस : तू ये. जेव्हा जमेल तेव्हा ये. मी थांबतो. पाण्याचंच बोलतोय आम्ही, तुझा मामा इथंच आहे. आज पाणी, उद्या ऊन. मग डिझेल येईलच. मी जमवतो सगळं.

ग्लादीस : कधीपर्यंत जमवाल?

तनूस : तू येईपर्यंत.

ग्लादीस : बाबा, पुरा तिला.

तनूस : नाही.

ग्लादीस : मामा, तू तरी सांग त्यांना. तुझंही असंच झालं होतं ना. आई नेहमी काढायची ते.

वदीह : काय काढायची?

ग्लादीस : की वदीहला बघू द्यायला हवं होतं. वाईट दिसलं असतं, पण बघू द्यायला हवं होतं. फोनवर सुद्धा मधेच म्हणायची. दुसरंच काही चाललेलं असायचं आणि हे म्हणायची. तुला कधी म्हणाली नाही?

वदीह : नाही. मला नाही म्हणाली.

ग्लादीस : मामा, आई कशी दिसतेय? बाबांना विचारलं तर म्हणतात, झोपल्यासारखी. सगळे तसंच म्हणतात. तू खरं सांग.

वदीह : मी... मी पाहिली नाही गं अजून. दारापर्यंत जातो आणि मग कुणाला तरी कॉफी हवी असते.

ग्लादीस : मग माझ्याऐवजी बघ. नीट बघ. केस कसे बांधलेत, कुठला झगा घातलाय, अंगठी बोटात आहे की काढली. तोंड बदललं असेल तर तेही सांग, लपवू नकोस. सगळं बघून मला सांग. आणि सकाळी पुरा. बाबा, ऐकलंत?

तनूस : ऐकलं.

ग्लादीस : फोनची बॅटरी संपत आलीय माझी. इथं प्लगलाही रांग आहे. ठेवते.

वदीह : ठेवला तिनं.

तनूस : हं.

वदीह : दाजी.

तनूस : मग झालंच की. उठलो बघ मी. सोड तुझ्या झाडांना. आता कशाला चाक आणि कशाला काय. उगाच तुला शिव्या द्यायला लावल्या.

वदीह : सकाळी पुरायचंय.

तनूस : हो, तेच म्हणाली ती.

वदीह : मधे रात्र आहे ना. सरका तिकडं. ही पाइपाची फळी फुगलीय, तुम्हाला एकट्याला नाही निघणार. इकडून धरा.

तनूस : तुझी फळं...

वदीह : धरा म्हटलं ना. वर ओढा. अजून. हं, गेलं.

तनूस : खाली पोचायला वेळ लागतो त्याला.

वदीह : काही ऐकू येत नाही.

तनूस : थांब जरा. पाइप भरू दे. हां, आता. आता बसली धार.

वदीह : कोल्ड स्टोरेजच्या दारावरचा दिवा लागला तिकडं. दिसला?

तनूस : मला नीट दिसत नाहीये. तू म्हणतोस तर लागला असेल.

वदीह : लागलाय. चला. दार उघडलं की गारवा बाहेर जात असेल ना? मी आत जाऊन पटकन बघून येतो.

तनूस : पटकन नको. रात्रभर पाणी आहे.