वनूच्या मापाचा टेबल

माहं मूळ गाव अल्लीपूर, हिंगणघाट तालुक्यातलं, तिथं आमचं तीन भावायचं मिळून वावर होतं अन् मी सगळ्यात धाकटा. शाळा म्हणसान तं चौथी. लगन झालं अन् दोन सालात सासऱ्याच्या वळखीनं इकडं पिपरीले ओलिताचं वावर भेटलं, विहीर चांगली पान्याची, मंग आमी नवरा-बायको इकडंच आलो. तवा पिपरी म्हणजे आताच्यासारखी नोती बाप्पा, आता जिकडं पाहा तिकडं बंगले अन् फलॅट, तवा आमच्या घरापासून वर्ध्यापर्यंत वावरंच वावरं. वांगे, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, पालक, भेंडी, सकाळी तोडाचं अन् बैलबंडीत घालून बजारात न्याचं. सुतारकाम मी कोनापाशी शिकलो नाई. वखर मोडला, बंडीचा दांडा फाटला तं आपनच बसाचं करवत अन् पटाशी घेऊन, त्यात हात बसला तेवढाच. खुर्ची-टेबल असं मी जलमात काई केलं नोतं. आमच्या घरी खुर्चीच नोती तं टेबल कायले पाह्यजे.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असन, आमाले पोरगी झाली. वनमाला. आमी वनूच म्हणतो. पोरगी झाली म्हणून सासऱ्याले इतका आनंद झाला का त्यायनं त्यायच्या वावराच्या धुऱ्यावरचा साग परवानगी काढून पाडला, आरा मशीनवर त्याच्या फळ्या काढल्या अन् बंडीत घालून आमच्या घरी आनून टाकल्या. म्हणे नातीच्या लग्नात दिवान करजा याचा. आमी हासलो, पोरगी अजून पालथी पडत नोती. पण फळ्या माळ्यावर ठेवल्या, बायकोनं त्यावर पोतं टाकलं, वाळवी लागू नाई म्हणून दर सालाले खाली काढून उन्हात ठेवे.

वनू दीड सालाची झाली, धावाले लागली, अन् तिले ताप आला. तीन दिवस ताप होता. दात येऊन राह्यले असन असं आमी समजलो, काय सांगू तुमाले, मी तं त्या तिन्ही दिवस वांगे घेऊन बजारात गेलतो. चौथ्या दिवशी ताप उतरला, बायकोनं तिले उभं केलं तं ती खाली बसली. परत उभं केलं, परत बसली. बायकोले वाटलं खेळून राह्यली. मोठ्या दवाखान्यात नेलं तं डॉक्टर म्हणे पोलिओ आहे, दोन्ही पाय गेले, आता इलाज नाई. तिथून घरी येताना बंडीत वनूच बोलत होती, बैलायले हाका मारत होती.

मंग ती मोठी झाली, बसल्या जाग्यावर मोठी झाली. तिची माय तिले कडेवर घेऊन शाळेत ने, कडेवर मावेना तवा पाठीवर घे. मॅट्रिक झाली. पास झाली, चांगली पास झाली. पुढं घरीच राह्यली, सपरीत, ओसरीत म्हणा नं, सतरंजीवर बसून शेजारच्या पोरींचे फराक शिवून दे, पेपर आला का पैल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचे. अठ्ठ्याऐंशी साल असन, एक दिवस मले म्हणे बाबा, वर्ध्यात कंप्युटरची क्लास निंघाली, मले शिकाचं आहे. मी म्हटलं ते काय असते? ती म्हणे टीव्हीसारखा डबा असते अन् त्याच्यासमोर टायपिंगसारखं असते, त्याले पाय लागत नाई बाबा, हातच लागतात.

तिनं असं म्हटलं तं मी काय नाई म्हणणार.

बजारातल्या कपड्याच्या दुकानाच्या वर होती क्लास. मी वनूले पाठीवर घेतलं अन् पायऱ्या चढलो. अठरा सालाची पोरगी बापाच्या पाठीवर, खाली लोकं पाहून राह्यले, ती माया कानात म्हणे बाबा, लवकर चला. वर एक खोली, थंडगार, चपला बाहेर काढाच्या, चार मशिनी. सर म्हणजे नागपूरकडचा जवान माणूस, गरीब सोभावाचा. त्यानं वनूले खुर्चीवर बसवाले सांगतलं. ती खुर्ची चाकावाली, गोल फिरनारी. मी बसवलं, हात सोडला, अन् वनूनं मशिनीकडं हात पुढं केला तशी खुर्ची मागं गेली अन् पोरगी धाडकन खाली पडली. शिकनारे पोट्टे उठून उभे राह्यले. सराचं तोंड पांढरं पडलं. म्हणे काकाजी, कठीण आहे, कुठं लागलं-बिगलं तं मी काय करू. मी तिले उचलाले वाकलो तं ती खालूनच म्हणे, सर, मले खुर्ची जमत नाई, मशीन जमन.

सरानं ती खुर्ची बाजूले सारली. मंग म्हणे, काकाजी, सोमवारी नवीन बॅच सुरू होते. ही पक्की बसन असा काई टेबल-बिबल करून आना, एक मशीन मी त्याच्यावर मांडून देतो. पण टेबल हालाले नाई पाह्यजे, मशीन नाजूक असते.

मी तसाच गेलो वर्ध्यातल्या एका सुतार मिस्त्रीकडं. तो म्हणे नाप सांगा. मी म्हटलं पोरगी खाली बसते, तिच्या हिशेबानं ठेंगणा करा. तो म्हणे तिच्या हिशेबानं म्हणजे किती? अन् मले सांगता नाई आलं, पाहा. अठरा साल झाले लेकीले पाहून राह्यलो अन् ती बसते तवा तिचा हात जमिनीपासून किती उंच येते ते मले ठाऊक नाई. मी तिथून निंघालो अन् रस्त्यानंच ठरवलं का हा टेबल घरीच कराचा, मीच कराचा.

आता लाकूड? माही नजर माळ्यावर गेली. तिची माय चुलीजवळ होती, तिथूनच म्हणे, त्याले हात नोका लावू, ते तिच्या लग्नाचं आहे. मी म्हटलं वनूची माय, कोन पाहाले येऊन राह्यलं? असं बोलाले नोतं पाह्यजे मी. ती रडाले लागली, म्हणे तुमी तिची आशाच सोडली, बाप असून सोडली. अन् वनू सपरीत बसून हे सारं ऐकत होती, आमाले भानच नोतं. ती तिथूनच म्हणे, माय, पलंगावर अन् सतरंजीवर तं मी आजपर्यंत पडूनच राह्यली, आता मले बसाले करून दे नं. तिची माय भाकरी थापत राह्यली.

दुसऱ्या दिवशी मी विटा आनल्या, त्यावर एक जुनी फळी ठेवली अन् वनूले समोर बसवलं. तिनं एका कागदावर कंप्युटरचे बटनं काढले होते, पेपरातलं चित्र पाहून, तो कागद फळीवर ठेवला अन् बोटं चालवाले लागली. मी इचारलं कसं वाटते? म्हणे बरं वाटते. मी म्हटलं बरं नोको सांगू, दुखते कुठं ते सांग. तशी ती म्हणे डावा खांदा दुखते. मी म्हटलं फळीनं? म्हणे नाई बाबा, तो तं सातवीपासूनच दुखते, एका हातावर भार देऊन बसतो नं मी. सातवीपासून! अन् घरात कोनाले पत्ता नाई. मी वीट काढली, फळी खाली केली, मागं पाठीले पाट लावून पाह्यला, बाजूले उशी लावून पाह्यली, अन् दर वेळी इचारलं आता कुठं दुखते. ती सांगत गेली. पाठ, मान, मनगट. मी सुतळीनं मापत गेलो, ती शिवनाच्या टेपावर सुतळी ठेवून इंच वाचे अन् कागदावर लिवे. दुपार झाली तरी आमचं तेच चाललं होतं. त्या दिवशी भाजी तशीच राह्यली वावरात.

सुतळी हातात होतीच तं ती म्हणे बाबा, मले पूर्ण मापा नं. मी म्हटलं म्हणजे? म्हणे मी उभी राह्यली असती तं किती उंच झाली असती? मी तिले सतरंजीवर निजवलं, पाय धरून सरके केले, पूर्ण सरके होत नाई ते, जेवढे झाले तेवढे केले, अन् टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरली. टेपावर पाच फूट दोन इंच भरली. वनू म्हणे मायपेक्षा मी उंच आहो! तिची माय दारात उभी होती, केव्हाची उभी होती कोन जाणे, म्हणे चाल, मायपेक्षा उंच म्हणते. अन् काय सांगू तुमाले, ती बाई आली, पदर खोचला अन् लेकीच्या बाजूले सतरंजीवर निजली. म्हणे पाहा बरं. मी पाह्यलं. लेक चार बोटं उंच. मी तसं सांगतलं तं ती मान वळवून वनूकडं पाहाले लागली, अन् दोघी हासाले लागल्या, अशा हासल्या, अशा हासल्या का शेजारची बाई पाहाले आली का यायले झालं काय. मंग तिची माय उठली, डोळे पुसले, अन् मले म्हणे, बसले काऊन? काढा नं त्या फळ्या.

पाच दिवस लागले. तिची माय फळीचं एक टोक धरे, मी करवत चालवो. खिळा एकही नाई वापरला, बंडीले करतो तसंच केलं, एका लाकडाले खाच पाडाची, दुसऱ्याचं टोक त्यात बसवाचं अन् वरून लाकडाची खुटी ठोकाची. डबा ठेवाले वरची फळी, त्याच्या चार बोटं खाली बटनायसाठी दुसरी फळी, अन् टेबलालेच जोडून बसाची बैठक, मागं टेकाले पाठ, दोन्हीकडून कठडे, म्हणजे हात सोडले तरी तोल जाऊ नाई. कठड्याची धार वनूनं काचेच्या कागदानं घासली, आपल्या हातानं, म्हणे हात माहा तिथं लागन, मलेच कळन किती घासाचं ते.

सोमवारी सकाळी टेबल बंडीत घातला, वनूले घातलं, मायही बसली, भाजीचं टोपलं नाई त्या दिवशी. दुकानापाशी मी अन् दुकानातल्या एका पोट्ट्यानं टेबल उचलला अन् जिना चढलो तं मधात वळनावर तो अडकला. आडवा केला, उभा केला, जाईना. घरी सगळं मापलं होतं मी, जिनाच मापला नोता! दुकानवाला खालून म्हणे, भिंतीले लागून राह्यला, वापस न्या. वर पोट्टे उभे, खाली बजारातले लोकं.

तेवढ्यात वनू बंडीतून ओरडली, बाबा, खुट्या काढा नं! पाहा, मी केलेल्या खुट्या अन् मलेच आठवल्या नाई. जिन्यातच बसलो, ठोकून ठोकून एकेक खुटी काढली, टेबल सुटा केला, अन् त्या पोट्ट्यायनं एकेक फळी वर नेली. सर सोता दोन फळ्या घेऊन गेला. मी खाली आलो अन् वनूसमोर पाठ करून बसलो, का बाप्पा, बस पाठीवर. ती म्हणे नाई, तुमी वर जाऊन टेबल जोडा, मी येतो. तिनं मायच्या आधारानं पैल्या पायरीवर बसून घेतलं, जिन्याकडं पाठ केली, अन् हातानं भार देऊन दुसऱ्या पायरीवर सरकली, मंग पाय उचलून वर घेतले, मंग तिसरी. तिची माय हात पुढं करे, मागं घे. मी वर खुट्या ठोकून राह्यलो, पन कान सारे जिन्याकडं. शेवटची खुटी ठोकली तवा दारात वनू. साडीले धूळ, कोपर खरचटलेलं. बैठकीत सरकली, पाठ टेकवली. सरानं मशीन मांडली. त्यानं कठडा हालवून पाह्यला, टेबल हालला नाई. मंग वनूनं बटनं दाबले अन् त्या काचेवर हिरव्या रंगात तिचं नाव आलं. मले इंग्रजी येत नाई, सरानं वाचून दाखवलं. तिची माय म्हणे, नुसतं वनमाला काऊन, बापाचंही नाव लिव. वनूनं लिवलं, अन् मंग न सांगता मायचंही लिवलं.

पुढं तिथंच शिकली, दोन सालानं तिथंच शिकवाले लागली. मंग सावंगीले डॉक्टरकीचं मोठं कॉलेज निंघालं, तिथले पोट्टे मोठेमोठे प्रबंध घेऊन तिच्याकडं टाईप कराले येत. आता तिची सोताची क्लास आहे, खालच्या मजल्यावर आहे बरं का. टेबलही तिथंच आहे, लहान पोट्टे बसतात त्यावर. लगन नाई झालं. एकदा मी इचारलं तिले, वाईट वाटते का म्हणून. खोटं नाई बोलली ती. म्हणे वाटते बाबा कधीकधी, मंग बॅचची वेळ होते.

तिची माय जाऊन आता सहा सालं झाली. मी ऐंशीच्या घरात आलो, डोळ्यानं कमी दिसते, औषधाची गोळी कोनती सकाळची कोनती रातची ते वनूच पाहते. लोकं मले इचारत, तुमच्या मागं या पोरीचं कसं होईन हो. मीही लय सालं तेच इचारत होतो देवाले. आता ते उलटंच झालं, आता तिले माही काळजी आहे, मी जेवलो का, मी पडलो तं नाई. अन् मले तिची काळजी नाई राह्यली. बापाले आनखी काय पाह्यजे? चार वाजून राह्यले, तिची तीन चाकाची गाडी येईनच आता. बसा, तिले भेटूनच जा. चांगलं होवो बाप्पा तुमचं, तुमच्या लेकराबाळायचं.