दुर्बिणीचा अर्ज

कोपरीच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या शकूताईंच्या कानावर शेजारच्या आजी-नातीचं बोलणं आलं.

"आजी, मिळाली! चिली देशातली मोठी दुर्बीण दोन रात्री माझ्या संशोधनातल्या ताऱ्याकडे बघणार!"

"मागे नाकारलेलं ना गं? आता कुणाची ओळख लागली?"

"कुणाची नाही. अर्जावर नाव लिहायचंच नसतं. काय शोधणार, तेवढंच वाचतात."

"आडनावसुद्धा नाही?"

"तेही नाही."

"म्हणजे आंधळी कोशिंबीरच की!"

"हो, आणि तरी मीच सापडले!"

"मला तर शाळेत आधी आडनाव विचारलेलं. मग दाराबाहेर बसवलं."

"माहितीये, आजी."

"रचना, आता तरी त्यांना नाव सांगायचं ना?"

"आता सांगायचंच."

"मग पूर्ण सांग. आडनावासकट. खणखणीत."