उजवी दाढ

तुम्ही म्हणता ना, तुझं काय बाई, एसीत उभं राहायचं काम? मग परवाचं सांगते.

नौपाड्यातल्या त्या दातांच्या दवाखान्यात मी असिस्टंट. कोर्स वगैरे काही केलेला नाही, सरांच्या बाजूला उभी राहूनच शिकले. पेशंटच्या तोंडातलं पाणी नळीने ओढायचं, दातात भरायचं सिमेंट कालवायचं, हत्यारं धुऊन मशीनमध्ये लावायची, एक्स-रे स्क्रीनवर लावून ठेवायचा.

परवा एक रिटायर्ड काका आलेले. खालची उजवी दाढ काढायची होती. सर कानात फोन लावून कुणाशी तरी बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी इंजेक्शन उचललं आणि काकांच्या डाव्या दाढेकडे नेलं.

मी हळूच म्हटलं, "सर, उजवी."

"इथे डॉक्टर कोण आहे?" सर खेकसले.

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. सरांनी पाहिलं, फोन बंद केला आणि उजवीकडे इंजेक्शन देऊन ती दाढ काढली.

निघताना काका गाल धरून म्हणाले, "डॉक्टर, ही पोरगी मध्येच बोलली ना, माझ्या काळजात धस्स झालं."

मला वाटलं, आता तरी सर खरं सांगतील.

सर हसून म्हणाले, "सॉरी हं काका. नवीन आहे, शिकेल हळूहळू."

अगं बायांनो, नऊ वर्षं झाली मला तिथे! मी काकांना पुढची तारीख लिहून दिली.