यंदाचा इशारा

रुग्णालयातल्या रक्तपेढीच्या रांगेत एका शिक्षिकेच्या पुढे एक नणंद-भावजयीची जोडी धुमसत होती.

"ताई, उंदरांमुळे ताप पसरेल, असं गेल्या वर्षी तुमच्याच आरोग्य खात्याने बजावलं होतं ना?"

"हो. उंदरांच्या लेंड्यांची धूळ नाकात जाऊ नये म्हणून लोकांनी गोदामं पाणी मारून झाडली, म्हणून कुणी आजारी पडलं नाही. मग तेच आम्हाला हसले, उगाच घाबरवलंत म्हणून."

"आणि यंदा?"

"साहेब म्हणाले, इशारा देऊ नका, पुन्हा हसं नको."

"उंदीर कमी होते?"

"दुप्पट होते गं."

"वा! तुमची अब्रू वाचली, आणि तुमचा सख्खा भाऊ कोरडी धूळ झाडून आत तडफडतोय!"

"हळू बोल, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत! अहो मागच्या बाई, तुमच्या घरचं कुणी गोदामात काम करतं? पाणी मारल्याशिवाय झाडू नका म्हणावं. ह्यांचं खातं सांगणार नाही."