स्वल्प थांबा, भंते बसलेत

जमलेल्या सगळ्यांना जय भीम, नमो बुद्धाय.

समोर ताई बसल्यात, आपल्या प्रज्ञाच्या आई. नागपूरहून आल्यात. त्यांचा हात धरून बसलीय ती रेश्मा, प्रज्ञाची पीजीतली जोडीदार. बाकी तुम्ही ह्या बेंगळुरातूनच, कोरमंगल्याहून, मल्लेश्वरमहून आलात. आजवर आपण एकमेकांना फोनच्या चौकटीत बघत होतो. आज पहिल्यांदा अख्खे दिसतोय. आणि जिनं आपल्याला जमवलं, तीच नाही.

मला बोलता येत नाही. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं. तिथं मशीन बोलतं, माणूस गप्प. पण काल ताईंनी मला विचारलं, "तात्या, एकटीच होती काय जी माझी पोरगी इथं?" त्याचं उत्तर द्यायला उभा राहिलोय.

ताई, मी निपाणीकडचा. आमच्या घरी बुद्ध होते, पण भिंतीवर, हार घातलेले. वंदना यायची, ती पोपटासारखी. अर्थ विचारला की आम्ही नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. एका लग्नात प्रज्ञा भेटली. म्हणाली, "तात्या, फोन आहे ना? मग विहार खिशातच आहे की." आणि दर रविवारी सकाळी ती आम्हा सगळ्यांना कॉलवर घ्यायला लागली. एका भंतेंचा व्हिडिओ लावायची, मग अर्थ सांगायची. कधी लंकेतली पूजा दाखवायची, कधी तिबेटी भिक्खूंचे माणसाहून लांब कर्णे, कधी जपानात भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं. आमची बायको गोंधळली. "प्रज्ञा, ह्यातले आपले बुद्ध कुठले गं?" ती म्हणाली, "काकू, तुमची भाकरी आणि माझ्या आईची भाकर एकसारखी असते का? पीठ तर ज्वारीचंच ना?"

पण पोरगी भोळी नव्हती. मी सकाळी बुद्धांचं वचन पाठवलं की लगेच विचारायची, "तात्या, हे बुद्ध कुठं म्हणालेत?"

"कमळाच्या फोटोवर."

"फोटो छान आहे. वचन शोधून सांगा."

साठी उलटलेल्या माणसाला गृहपाठ!

आता एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, ताईंना नाही. बुद्धं शरणं गच्छामि म्हणत शरण आपण तीनदा घेतो. एका रविवारी भंतेंचं दुसऱ्यांदा म्हणून झालं आणि ते थांबले. हात जोडलेले, डोळे मिटलेले. हलेनात. आमच्याकडचं नेट म्हणजे दुखणाईत म्हातारं, दोन पावलं चालतं आणि बसतं. पण आम्हाला काय कळतंय? आम्हाला वाटलं, भंते ध्यानाला बसले. मग आम्हीही बसलो. तुमचं सगळ्यांचं म्हणून संपलं, आम्ही आपले डोळे मिटून. शेवटी प्रज्ञानं हाक मारली, "तात्या, काकू, आहात का?" ही म्हणाली, "अगं हळू, भंते बसलेत!"

हसलात की नाही? पोट धरून हसलात. प्रज्ञाही हसली. मग तिनं विचारलं, "काकू, बसून कसं वाटलं?" ही म्हणाली, "चुलीवरचं सगळं उतरवून ठेवल्यासारखं."

पुढच्या रविवारी प्रज्ञानं व्हिडिओ मुद्दाम तिथंच थांबवला. "स्वल्प थांबा, भंते बसलेत." रिक्षावाल्यांकडून उचललेलं ते स्वल्प, म्हणजे जरा. तिला येणारं कन्नड एवढंच. तेव्हापासून आपली तीच रीत. कुणी नवखं विचारायचं, ही परंपरा कुठली, लंकेची की तिबेटची? ही गंभीर तोंड करून सांगायची, "बोम्मसंद्र्याची."

आणि ताई, हे ऐका. थांबून झालं की ती व्हिडिओ पुन्हा लावत नसे. तिसऱ्यांदाचं शरण स्वतः म्हणायची. चाल भंतेंची नव्हे. शेवटचा शब्द लांबवून, खाली आणून, हळूच ठेवायची, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा. मी विचारलं, "हे कुठल्या व्हिडिओतलं?" म्हणाली, "हे नेटवर नाही तात्या. हे आईचं."

तुम्ही तिला फोनवर म्हणायचात ना, "वंदना तं तुले लहानपणीच पाठ होती, मोबाइलवरून काय शिकून राहिली?" ती आम्हाला तुमची नक्कल करून दाखवायची. ताई, अर्थ ती मोबाइलवरून शिकली. म्हणायचं कसं, ते तुमच्याकडून. ह्या बेंगळुरात कितीतरी घरं तुमच्या चालीत शरण जातात. तुम्हाला पत्ताच नाही.

मग दुखणं आलं. किती मोठं आहे ते तिनं तुम्हाला कळू दिलं नाही. आम्हालाही उशिराच कळलं. पण दवाखान्यातूनसुद्धा तिनं रविवार चुकवला नाही. गेल्या रविवारी रेश्मानं फोन तिच्या उशाशी धरला होता. भंतेंचं दुसऱ्यांदा झालं. बारीक आवाज आला, "स्वल्प थांबा."

थांबलो. तिसऱ्यांदाचं येईना. आम्ही थांबलो. कुणी फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळानं रेश्मा कुजबुजली, "तिला झोप लागलीय." कित्येक दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता त्या पोरीचा. मग आम्ही तसेच बसून राहिलो. लेकराचा डोळा लागला की घर गप्प होतं, तसे.

दुसऱ्या दिवशी, ताई, तुमची गाडी वाटेत असतानाच ती गेली. आपण पोचलो नाही, हा काटा तुमच्या काळजात रुतलाय. तो मला काढता येणार नाही. पण तुम्ही विचारलंत, एकटी होती काय? नाही ताई. एकटी नव्हती. आम्ही सगळे बसलो होतो.

तिसऱ्यांदाचं तेवढं राहून गेलंय. भंतेंच्या व्हिडिओत आहे, पण तो पुढं लावायला कुणाचा हात होत नाही. मी घरी म्हणून बघितलं. शेवटचा शब्द खाली ठेवता येत नाही, हातातून सुटतो.

तेव्हा मंडळी, फोन बाजूला ठेवा. उभे राहू. पहिल्यांदाचं आणि दुसऱ्यांदाचं शरण आपण मिळून घेऊ. मग गप्प होऊ, आपल्या रीतीनं. आणि ताई, तिसऱ्यांदाचं तुम्ही म्हणा. घाई नाही. आवाज फुटेल तेव्हा. तोवर आम्ही थांबतो, तिच्यासाठी थांबलो होतो तसेच.

स्वल्प थांबू या.