निळ्याच्या कांड्या

डल्सी : डोळे आले! ट्रिफ, डोळे आले!

ट्रिफ : मग गॉगल लाव आणि लांब उभी राहा.

डल्सी : माझे नाही रे गाढवा, अंड्यांना! हे बघ, एकेका अंड्यात दोन काळे ठिपके. निळ्याची पोरं बघतायत तुझ्याकडे!

ट्रिफ : निळ्या? त्या सामन माशाला मी सतरा वर्षांपूर्वी पुरलंय.

डल्सी : मासा तू पुरलास, वीर्य मी गोठवलं. महिन्यापूर्वी एक कांडी वितळवली आणि ओतली अंड्यांवर.

ट्रिफ : कुणाला विचारून?

डल्सी : कुणालाच नाही.

ट्रिफ : मेलो! अगं, कांड्यांची टाकी आज रिकामी करायचीय. नॉर्वेवाल्या साहेबाचा हुकूम. झाकण काढून बसलोय मी!

डल्सी : लाव आधी! लाव म्हणते ना!

(नॉर्वेवाला साहेब स्वेरे येतो. दाराच्या चौकटीवर डोकं आपटतं.)

स्वेरे : आई गं! झाली का टाकी रिकामी?

डल्सी : नाही, आणि होणारही नाही. निळ्याचं वीर्य जिवंत आहे.

स्वेरे : शक्यच नाही. मी स्वतः तपासलं. एक शुक्राणू हलेल तर शपथ!

डल्सी : कुठल्या कांड्या काढल्यास?

स्वेरे : निळ्या. वहीत लिहिलंय ना, 'निळ्या'.

ट्रिफ : अरे देवा! त्या सरावाच्या! नुसतं पाणी भरलं होतं मी त्यात!

डल्सी : पाण्यात शुक्राणू शोधत होता हा! निळ्याचं वीर्य लाल कांड्यांत आहे रे. विटेसारखा लालबुंद होता तो.

स्वेरे : लाल माशाला निळ्या?

ट्रिफ : लाल केसवाल्याला निळ्याच म्हणतात इथे, मुद्दाम उलटं. अख्खं टास्मानिया म्हणतं.

स्वेरे : वहीत नंबर का नाही लिहिला?

डल्सी : चुकलं माझं. पण तुझं तोंड शिवलं होतं का? एक शब्द विचारायचास! सतरा वर्षं टाकी गार राहावी म्हणून नायट्रोजन ओततेय मी, नाताळातसुद्धा. त्या उन्हाळ्यात पाणी तापलं, अख्खा हौद पोट वर करून तरंगला, आणि निळ्या एकटा भसाभसा खात होता. आता दर उन्हाळ्यात पाणी तापतं. आणि तू त्याचाच वंश मोरीत ओतायला निघालास!

स्वेरे : ...शंभरात किती अंड्यांना डोळे आले?

डल्सी : एक्क्याऐंशी.

स्वेरे : एक्क्याऐंशी? सतरा वर्षांनी? ट्रिफ, झाकण लाव!

ट्रिफ : कधीच लावलं.

स्वेरे : पण डल्सी, यापुढे वहीत नंबर.

डल्सी : लिहिते, बुटक्या.

स्वेरे : बुटक्या? अगं, इथे सगळ्यात उंच तर मी...

ट्रिफ : म्हणूनच.

स्वेरे : ...असं होय.

डल्सी : हो. आणि जाताना वाक जरा.